सायमीच्या मांजरपाद्या

सायमी युंतुनेनच्या स्वयंपाकघराच्या कडीला लाल मफलर अडकवलेला दिसला की आमच्या हौकिपेरा गावात कुणी त्या दारावर थाप मारत नसे. पोस्टमन पत्रं पायरीवर ठेवून जाई. मी तिची सख्खी शेजारीण, जन्मभर तिच्या टेबलाशी कॉफी प्यायलेली, पण मफलर दिसला की मीही मुकाट माघारी वळून आपली कॉफी आपल्या घरी पीत असे. आत रेडिओ बंद, किटली चुलीवरून खाली, राइकू कुत्रा अंगणात आणि नवरा त्याच्याही पलीकडे. सायमी काडतुसं भरत बसलेली असायची.

बाकीच्या बायका हिवाळ्यात मोजे विणायच्या. सायमीही विणायची, पण तिच्या जोडीतला एक मोजा लहान मुलाचा आणि दुसरा घोड्याचा वाटायचा. काडतुसं मात्र एकसारखी एक. वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुऊन, पुसून, त्यांच्या बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवून लाकडी ठोकळ्याच्या भोकांत ती ओळीनं उभ्या करायची. प्रत्येकीत मोजून बारूद घालायची. मग दिवा हातात घेऊन एकेकीत डोकावायची, विहिरीत घागर पडली का बघावं तसं. हलक्या काडतुसाला बारूद इतकी थोडी लागते की एकाच पुंगळीत चुकून दोनदा पडली तरी वरून भरलेली दिसत नाही. बंदुकीला मात्र ते कळतं. म्हणून मफलर, म्हणून रेडिओ बंद. आणि सगळ्या बघून झाल्याशिवाय एकीवरही गोळी बसवायची नाही.

या हलक्या काडतुसाला आमच्याकडे मांजराची पाद म्हणतात. पाद्रीबाबांसमोर म्हणत नाहीत, पण घरी गेल्यावर पाद्रीबाबाही तेच म्हणतात. बार उडाला की धडाम होत नाही. मांजरानं शेगडीजवळ बसून काहीतरी करावं आणि मग दुसरीकडे बघावं, तेवढाच आवाज. हौकिपेरात सायमीच्या मांजरपाद्या प्रसिद्ध होत्या.

ही विद्या तिला बापाकडून आली. बाप युद्धातून लंगडत परत आला. घरात खाणारी तोंडं बरीच, बारूद दुर्मिळ. पाइनच्या शेंड्यावर बसलेला रानकोंबडा त्याला मांसासाठी हवा असे, मर्दुमकीसाठी नव्हे. त्यानं एका पुंगळीचा बुडखा कापला, त्याला तारेचा दांडा लावला आणि बारूद मोजायचा इवलासा चमचा बनवला. जाळ्यांना लावायची जुनी शिशाची वजनं वितळवून तो गोळ्या ओतायचा. सायमीची बोटं बारीक, म्हणून चमचा तिच्या हातात आला. बाप गेला, भावंडं पांगली, चमचा तिच्याकडे राहिला.

अल्पोशी तिचं लग्न याच्यावरूनच जुळलं. तो तेव्हा लाकूडतोडीच्या टोळीत होता, छाती रुंद, बोलणं कमी. सायमीला खूश करायला त्यानं एक रानकोंबडा मारून आणला. मारला होता मूसवर झाडायच्या काडतुसानं. मूस म्हणजे घोड्याहून मोठं जनावर. त्याच्यासाठी केलेली मऊ टोकाची गोळी अंगात शिरली की फुलते. कोंबड्यावर ती लागल्यावर काय उरणार? दोन पाय, चोच आणि मधे चिंध्या.

सायमीच्या आईनं ते उचलून पाहिलं. म्हणाली, "याची भाजी करू की उशी शिवू?"

अल्पो कानापर्यंत लाल झाला. सायमी उठली. आत गेली आणि थोड्या वेळानं मूठ बंद करून आली. "हात पुढं कर," म्हणाली. तिनं त्याच्या तळव्यावर तीन काडतुसं ठेवली. "यांनी मार. आणि झाडण्याआधी नळी एकदा आभाळाकडे कर, मग हळूच खाली आण. आत बारूद थोडी आहे, ती मागं टोपीजवळ जमू दे."

पुढच्या रविवारी अल्पो अख्खा कोंबडा घेऊन आला. भोक इतकं लहान की आईला ते शोधावं लागलं. लग्न उन्हाळ्यात झालं.

तेव्हापासून कपाटात कॉफीचे तीन डबे असत. एकात शिशाच्या करड्या गोळ्या, सरावासाठी आणि कावळ्यांसाठी. दुसऱ्यात सगळ्या अंगानं तांब्याचं कवच असलेल्या, रानकोंबड्यांसाठी. त्या फुलत नाहीत, सरळ पलीकडे जातात. तिसऱ्यात मूसच्या, तांब्याचं कवच पण टोक उघडं आणि मऊ. पाव करावा तशी ती हे सगळं करत असे. स्वतः तिनं जन्मात कुठला प्राणी मारला नाही. "मला काय वैर आहे त्यांच्याशी?" म्हणायची, आणि कोंबड्याची तंगडी चोखायची.

आता खरी गोष्ट सांगते.

एका शरदात जंगलात काम करताना वाळकं झाड अल्पोच्या उजव्या खांद्यावर आलं. कयानीच्या इस्पितळात खांद्यात पोलादी खिळे घातले. वसंतापर्यंत हात वर जायला लागला, कुऱ्हाडही थोडी चालायला लागली. पण बंदूक झाडली की गोळी कुठं जाई ते देवालाच ठाऊक. आणि ते वर्ष नेमबाजीच्या परीक्षेचं. मूसच्या शिकारीला जायचं तर दर काही वर्षांनी ती द्यावी लागते. लाकडी मूसच्या कुशीवर एक वर्तुळ काढलेलं असतं, चार गोळ्या, चारही आत. नाही जमलं तर टोळीत बंदूक घेऊन उभं राहायचं नाही.

दलदलीच्या कडेला एक मोठा दगड आहे, त्याला सगळे अल्पोचा दगड म्हणतात. त्याआधी तो त्याच्या बापाचा दगड होता. शिकारीत प्रत्येकाची उभं राहायची जागा ठरलेली असते. अल्पोला पोर नाही, शेत नावापुरतं. गावात त्याचं असं काही होतं तर तो दगड.

टोळीचा म्होरक्या तापानी कार्पिनेन मे महिन्यात सायमीकडे कॉफीला आला. मीही होते. बर्फ, रस्ते, कुणाची गाय व्याली, हे सगळं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "अल्पो, ऑगस्टात परीक्षा आहे."

"ठाऊक आहे."

"खांदा कसा आहे?"

"खांद्यासारखा."

तापानी बशीतला पाव फिरवत राहिला. मग म्हणाला, "नाहीच जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस. छावणीत सूपाचं पातेलं असतंच. ढवळायला कुणीतरी लागतंच की."

तो भल्यासाठीच बोलला. पण अल्पो अर्धा कप तसाच टाकून उठला आणि बाहेर गेला. आमच्याकडे कॉफी अर्धी टाकून उठणं म्हणजे शिवी हासडण्यासारखं आहे. तापानी माझ्याकडे बघू लागला, मी खिडकीकडे.

गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत अल्पो सरावाला जाऊ लागला. कागद लावायचा, झाडायचा, कागदाजवळ जायचा, शिव्या देत परत यायचा. गोळ्या खाली आणि डावीकडे. आधी बंदुकीवरच्या दुर्बिणीला दोष दिला. मग तिचे स्क्रू बदलले. मग वारा. शेवटी एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "तुझ्या काडतुसांतच खोट आहे."

सायमी बटाटे सोलत होती. सोलत राहिली. "असेल," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कडीला मफलर लागला, आणि बराच वेळ निघाला नाही.

त्या शनिवारी ती मला म्हणाली, "एल्मा, थर्मास घे आणि चल." आम्ही तिघं खाणीत गेलो. मी उलट्या बादलीवर बसले. सायमीनं ऍप्रनच्या खिशात हात घातला.

"एकेक मी देईन," ती अल्पोला म्हणाली. "बघू नकोस. घे, भर, नळी वर करून खाली आण, झाड."

"पूर्ण भरलेल्या काडतुसाला नळी कशाला वर करायची?"

"मी सांगते म्हणून."

"बघितलं तर काय बिघडणार आहे? सगळी सारखीच तर आहेत."

"सारखी आहेत तर बघतोस कशाला?"

पहिलं धडाम झालं. डोंगर घुमला. दुसरं तिनं दिलं. अल्पोनं नळी वर केली, खाली आणली, गाल दस्त्याला लावला आणि चाप ओढला. काय सांगू. त्यानं डोळे गच्च मिटले, खांदा पुढं फेकला, बंदुकीचं नाक जमिनीत खुपसायला निघालं, बर्फावर पाय घसरावा तसं सगळं अंग उसळलं. आणि नळीतून आलं काय, तर फुस्स.

राइकूनं मान वाकडी करून मालकाकडे पाहिलं.

मी थर्मासचं झाकण घट्ट केलं, ते आधीच घट्ट होतं. मग सायमी म्हणाली, "ही मांजरपादी होती. वरून मूसच्या काडतुसासारखीच केली. तिनं तुला काही केलं नाही. जे केलंस ते तू."

अल्पोनं बंदूक खांद्याला अडकवली आणि घरची वाट धरली. पायी. गाडीची किल्ली त्याच्या खिशात. म्हणजे आम्हा दोघींनाही पायीच जावं लागलं, थर्मास, बादली आणि कुत्रा घेऊन. वाटेत मी म्हटलं, "जरा गोडीनं नसतं का सांगता आलं?"

"गोडीनं सांगितलं असतं तर त्याला पटलं असतं?"

"नसतं."

"मग चल."

आठवडाभर त्या घरात फक्त कुत्र्याशी बोलणं झालं. शनिवारी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापला. सौनात माणूस फार वेळ रुसून राहू शकत नाही, एक तर घाम येतो, दुसरं म्हणजे अंगावर कपडे नसतात. सायमीनं मला नंतर सांगितलं, तापलेल्या दगडांवर तिनं पाणी टाकलं, वाफ चढली, आणि वाफेतून अल्पोचा आवाज आला, "दुखेल म्हणून नाही. दुखायच्या आधीच दुखतं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कुणाला सांगू नकोस."

"एल्मानं पाहिलंय."

"एल्माचं काही नाही," तो म्हणाला. ही माझी गावातली किंमत.

जून-जुलैभर दोघं खाणीत जात राहिली. आधी नुसत्या शिशाच्या गोळ्या, अगदी मऊ. अल्पो झाडायचा, खांद्याला कळायचंही नाही. मग थोड्या जास्त जोराच्या. मग कवचाच्या. मग मिसळून, भरलेल्यांत हलक्या, कुठली कधी ते फक्त सायमीच्या खिशाला माहीत. नियम एकच, हलकी असो की भरलेली, नळी प्रत्येक वेळी वर करायची. तेवढ्या वेळात अल्पोचा श्वास खाली बसायचा. पुढं काय येणार ते माहीत नाही म्हटल्यावर अंग तरी किती वेळा आधीच उसळणार? गोळ्या हळूहळू कागदाच्या मधे यायला लागल्या. डास आम्हाला खात होते, मी निळी बोरं वेचत बसायचे, सायमी एकेक देत जायची.

मग एक चूक झाली, आणि ती सायमीची.

तिला वाटलं, हलकी आणखी हलकी करू. जितका फरक मोठा, तितका त्याचा हिसका उघडा पडेल. आत्तापर्यंत कवचाच्या गोळीला ती काट्यावर तोलून बारूद घालत होती. त्या दिवशी बापाचा चमचा काढला. तो चमचा शिशासाठी होता. शिसं मऊ, थोड्या रेट्यानं नळीतून लोण्यासारखं सरकतं. कवच कडक, नळीला घासत जातं, त्याला जोर हवा. सायमीला हे माहीत नव्हतं असं नाही, अल्पोला तिनंच शिकवलं होतं. पण तो चमचा हातात आला की बाप शेजारी बसल्यासारखं तिला व्हायचं. आणि बापाला कोण शिकवणार?

खाणीत तिसरं की चौथं काडतूस तिनं दिलं. अल्पोनं नळी वर केली, खाली आणली, चाप ओढला. आवाज इतका बारीक की मी खोकले असते तर ऐकू आला नसता. आणि अल्पो? दगडासारखा. पापणीसुद्धा हलली नाही.

तो वळला. महिन्यात पहिल्यांदा मी त्याचे दात पाहिले. "पाहिलंस? हललो का?"

"नाही हललास," सायमी म्हणाली.

"दे पुढची."

तिनं दिली नाही. तिचा हात खिशात होता, मूठ वळलेली ऍप्रनमधून दिसत होती. ती समोर कागदाकडे बघत होती.

"भोक कुठंय?" ती म्हणाली.

"खाली गेली असेल. हलकी होती."

"माती उडाली नाही."

"तुझ्या डोळ्यांना काय दिसतंय इथून. सायमी, आत्ता हात बसलाय. आत्ताच दे."

"नाही."

"अगं, सगळा उन्हाळा यासाठी घालवला आणि आत्ता नाही?"

गाडीजवळ गवतावर काडतुसांची लाकडी पेटी होती. अल्पो तिकडे निघाला. सायमीला धावणं माहीत नाही, ती त्या काळी चांगली जाडजूड होती, पण त्याच्या आधी पोचली आणि पेटीवर बसली.

"ऊठ."

"नाही उठत."

"एल्मा, सांग हिला."

"मी कॉफी ओतते आहे," मी म्हटलं. अर्धी गवतावर गेली.

"बंदूक उघड," सायमी म्हणाली. "नळीतून बघ. उजेड दिसला तर पेटी तुझी."

तो पुटपुटत बंदुकीचा मागचा खटका काढून नळीला डोळा लावून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग बंदूक गाडीला टेकवली आणि शेवाळावर बसला. नळीत उजेड नव्हता. गोळी मधेच अडकली होती. मागून भरलेलं काडतूस झाडलं असतं तर नळी फुटली असती, आणि अल्पोचा गाल तिला टेकलेला असता.

घरी येऊन अल्पोनं नळीत तेल सोडलं, पितळी गज घातला आणि लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत गोळी बाहेर काढली. ती टेबलावर पडली, अंगावर नळीचे चरे, बाकी चांगली. सायमीनं उचलून खिडकीत जिरेनियमच्या कुंडीशेजारी ठेवली. चमचा खिळ्याला टांगला. मग त्या मापानं भरलेली सगळी काडतुसं उघडून बारूद काढून टाकली. काम झाल्यावर कडीचा मफलर काढला आणि घडी करून पेटीत ठेवला.

"झालं," ती म्हणाली. "मी यापुढं भरणार नाही. तू सूप ढवळ. मीठ बेतानं घाल, तुझा हात जड आहे."

मी तिथंच होते. वाटलं, आता अल्पो काय बोलणार. त्याला बोलायचं म्हणजे आधी आठवडाभर तयारी लागते. तो हात धूत होता. तेल निघेपर्यंत धूत राहिला.

"मी पुढची मागितली," तो म्हणाला, "तू दिली नाहीस."

"भरली मीच होती."

"हो. आणि दिली नाहीस." त्यानं हात पुसले. "तू देशील तीच मी झाडणार. दुसऱ्या कुणाच्या हातून घेणार नाही. तू भरणार नसलीस तर तापानीला आत्ताच जाऊन सांगतो."

आणि खरंच टोपी घालायला लागला. सायमीनं त्याला दारापर्यंत जाऊ दिलं. मग म्हणाली, "चप्पल तरी बदल, बूट घाल." पुढं म्हणाली, "आणि येताना दूध आण." तापानीकडे जायची वाट आणि दुधाची वाट वेगळी आहे. अल्पो दूध घेऊन आला. दुसऱ्या दिवशी मफलर कडीला होता. आता कवचाचं प्रत्येक काडतूस काट्यावर.

ऑगस्टात परीक्षा झाली. मैदानावर आम्हा बायकांचं कॉफीचं टेबल असतं, मी, सायमी आणि तापानीची बायको. शेजारच्या गावचा परीक्षक, कमरेनं वाकडा, कानांवर आवाज अडवायचे मोठे गोळे लावलेला. परीक्षेत हलकी काडतुसं चालत नाहीत, मूस पडेल अशीच हवीत. अल्पोकडे सायमीची भरलेली चार होती. भरलेली आहेत हे त्याला माहीत होतं. तेच बाधलं. भरलेलीला कशाला, म्हणून त्यानं नळीही वर केली नाही. तीन वर्तुळात गेल्या. चौथी लाकडी मूसच्या गुडघ्यावर.

"गुडघ्याचं सूप चांगलं होतं म्हणतात," रांगेतून कुणीतरी म्हणालं. तापानी हसला नाही. त्यानं अल्पोकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली, ते हसण्यापेक्षा वाईट.

त्याच संध्याकाळी आणखी एकदा देता येते, रांगेच्या शेवटी. त्याच्यापुढं मोजकेच लोक होते. अल्पो टेबलापाशी आला. चेहरा पिठासारखा. मी कप पुढं केला, त्यानं घेतला नाही.

सायमीनं ऍप्रनच्या खिशातून चार काडतुसं काढली आणि त्याच्या तळव्यावर ठेवली. बोटं मिटवली.

"यांत एक मांजरपादी आहे," ती म्हणाली.

अल्पो तिच्याकडे बघत राहिला. "परीक्षेत?"

"हो."

"चालत नाही ते."

"मग फुस्स झाल्यावर सांग त्यांना. मी काय सांगू."

आता हे ऐका. सायमी युंतुनेननं पत्त्यांतसुद्धा कधी लबाडी केली नाही. चर्चच्या लिलावात पाव विकायला ठेवताना करपलेली बाजू वर ठेवणारी बाई ती. हे मला माहीत, तापानीच्या बायकोला माहीत, आणि जो तिच्याबरोबर झोपत-उठत आला त्याला तर माहीतच. तो वळला. मूठ मिटलेलीच ठेवून रांगेत गेला.

त्याची पाळी आली. पहिलं काडतूस भरलं. आणि नळी वर केली, समोरच्या मातीच्या बांधाच्या माथ्यापर्यंत, मग हळूच खाली आणली.

"हे काय चाललंय?" परीक्षक म्हणाला.

"देवाला विचारतोय," तापानी म्हणाला. "झाडू दे त्याला."

धडाम. परत नळी वर, खाली. धडाम. सायमी टेबलाचं फडकं घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. तिसरं धडाम. चौथ्याला त्यानं नळी वर केली आणि इतका वेळ तशीच ठेवली की परीक्षकानं घड्याळाकडे पाहिलं. मग खाली आली. धडाम.

परीक्षक लाकडी मूसजवळ गेला. तीन गोळ्या मधे, एक वर्तुळाच्या रेषेवर. खिशातून भिंग काढलं, वाकला, कंबर धरून सरळ झाला. पुन्हा वाकला. रेषेला लागलेली आत धरतात. त्यानं आत धरली.

अल्पो टेबलापाशी आला. आता कप घेतला, पूर्ण प्यायला, आणि पुन्हा पुढं केला.

"एक राहिली वाटतं," तो सायमीला म्हणाला.

"द्यायला चुकले असेन."

"तू?"

"म्हातारी झाले आता. पाव घे."

त्यानं पाव घेतला. यापलीकडे या विषयावर त्यांच्यात कधी बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही.

ऑक्टोबरात शिकार सुरू झाली. अल्पो आपल्या दगडापाशी उभा राहिला. त्या शरदात दलदलीकडून एकही मूस आलं नाही. सगळी टेकडीपलीकडून गेली, तापानीच्या भाच्यासमोरून. अल्पो रोज पहाटे जायचा, थर्मास आणि काळा पाव घेऊन, आणि अंधार पडता पडता ओला होऊन यायचा. शेवटच्या दिवशी मी सायमीकडे बसले होते तेव्हा तो आला, बूट काढले, स्टोव्हजवळ पाय लांब केले.

"यंदा शिकार चांगली झाली," तो म्हणाला.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"एक खार."

सायमीनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. "नळी वर केलीस का?"

"केली. सवय राहावी म्हणून."

मग मूसच्या सूपाची पंगत झाली, ज्यांच्या रानात शिकार होते त्या जमीनवाल्यांसाठी आणि सगळ्या गावासाठी, शाळेच्या दालनात. पातेलं त्या वर्षी तापानीनं स्वतः ढवळलं. रांगेत अल्पो माझ्या पुढं होता आणि सायमी त्याच्या पुढं. अल्पोनं चमचाभर चाखलं, थोडा विचार केला, आणि म्हणाला, "तापानी, मीठ जास्त झालंय."

"मग पुढच्या वर्षी तू ढवळ," तापानी म्हणाला.

"मला वेळ नाही," अल्पो म्हणाला, आणि ताट घेऊन सायमीशेजारी जाऊन बसला.